सुगंधाबाईचा नकार

तीन आठवड्यांपूर्वी सानगडीहून भाचा देवा याचा फोन आला. "मामाजी, माय गेली." सुगंधाबाई माझी थोरली बहीण, मी तिला बाई म्हणायचो. तळ्यातली मासोळी विकून तिने मला शिकवले. त्या शिक्षणावर मी भंडाऱ्याच्या न्यायालयात कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर अन्याय दिसेल तिथे पत्रे धाडत राहिलो.

त्यांतले सर्वांत संतप्त पत्र तिच्याच आजाराविषयी होते. अंडाशयाचा कर्करोग पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता. मोठी शस्त्रक्रिया सुचवलेली होती. पण कागदपत्रांत मला ओळ दिसली, 'नातेवाइकांचा शस्त्रक्रियेस नकार.' खाली देवाची सही. बाईला मात्र त्याने सांगितले होते, साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल! सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या देहाविषयी परस्पर दिलेला नकार ग्राह्य कसा धरला, असा जाब मी चार पानी पत्राने रुग्णालयाला विचारला. सर्जनांनी ते माझ्यासमोर वाचले आणि म्हणाले, "मुद्दा मान्य. पण त्यांना सांगणार कोण?"

सांगणे माझ्यावर आले. खाटेशी बसून मी "तुझ्या प्रकृतीसंदर्भात काही बाबी..." अशी सुरुवात केली.

"कोरटात उभा आहेस का रे, मोतीराम? सरळ बोल. मरून राहिली का मी?"

मी सांगितले. मग ती म्हणाली, "पोट माहं, अन् विचारलं देवाले?"

दुसऱ्या दिवशी सर्जनांनी तिला समजावले. अस्तरावरचा दिसेल तेवढा रोग काढायचा, मग गरम केलेले औषध पोटात फिरवायचे. बरे होण्याची हमी नाही, टेबलावर जीवही जाऊ शकतो.

"मासोळीच्या पोटात काळी झिल्ली राहते, डॉक्टरसाहेब. जराशी राहिली तरी सारा रस्सा कडू. तसंच ना?"

"अगदी तसंच."

"मंग नीट घासजा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी तिला आत नेले. दिवस मावळला तरी दार उघडेना. देवा एकदाच बोलला, "तिले काही झालं तं मामाजी, तुमचं पत्र जबाबदार."

बाई वाचली. दोन वर्षे बाजारात पुन्हा टोपली घेऊन बसली, गिऱ्हाइकांशी भांडली. मग रोग परतला. सर्जन म्हणाले, पुन्हा पोट उघडता येईल, पण या वेळी लाभ थोडा, धोका फार. आता देवा तयार होता. मीही होतो. बाईने मला कागद काढायला लावला.

"लिही, नको म्हणते."

"बाई, एकदा विचार कर. माझ्यासाठी तरी..."

"तवा मले विचारा म्हणून भांडला ना? आता विचारलं, तं ऐक."

मी लिहिले. दीड ओळ झाली. तिने अंगठा उमटवला. साक्षीदार म्हणून सही करायला देवा काही केल्या तयार होईना. ती मी केली.

त्या कागदाची प्रत माझ्या टेबलावर आहे. सकाळी बसलो की आधी ती वाचतो. तिच्या नकाराला उत्तर लिहायला पेनचे टोपण काढतो... आणि परत लावतो.