नाही म्हणणारा मोबाईल

राखीला मी फारसं ओळखत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. शेलूबाजारच्या स्टँडवर जीप चालवणाऱ्या भागवतची ती पोरगी आणि माझी शेजारीण, एवढंच. भागवतला शुगर आहे. शाळेतल्या तपासणीत पोरीचीही काठावर निघाली, तेव्हा नर्सबाईंनी तिच्या मोबाईलमध्ये खाण्यावर लक्ष ठेवणारं ॲप टाकून दिलं.

पण आमच्याकडे पंगतीत वाढणाऱ्या वडीलधाऱ्याला नाही म्हणायची रीत नाही. गल्लीतल्या मुन्नाच्या लग्नात बुंदीची बादली माझ्या हाती होती. राखीने पत्रावळीवर हात आडवा धरण्याऐवजी मोबाईल धरला.

"आबा, मी नाही म्हनत, हा नाही म्हन्ते."

"त्याले कोनं आवतन देलं वं?"

पंगत हसली, बुंदी मात्र बादलीतच राहिली. मोबाईलला आग्रह कसा करतात, ते मला कुठे ठाऊक!

वर्षभर तिने असाच साऱ्यांना मोबाईल दाखवला. पुढच्या तपासणीत शुगर उतरलेली निघाली. या आनंदात भागवतने काय करावं? गावभर पेढे वाटले! आमच्याकडे डबा घेऊन राखीच आली. दुसऱ्या दिवशी ती शिकायला अकोल्याला गेली, ती अजून भेटलेली नाही. त्या दिवशी मात्र मी डब्यातलाच एक पेढा तिच्यापुढे धरला. मोबाईल तिच्या हातात नव्हता.

"घे वं, आता कोन अडवते तुले?"

"मीच," ती म्हणाली. "अन् तुमी बी अर्धाच खा, आबा."

"बरं," मी म्हणालो.