व्हॅनवाल्याची झोप

समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो उजव्या हाताचा पंजा वर करायचा आणि म्हणायचा, "मले नका सांगू." ट्रॅफिक पोलीस असो, शाळेच्या मुख्याध्यापिका असोत की देवळातले महाराज, सगळ्यांना तोच पंजा. आपण काय सांगणार होतो हे ऐकून तरी घे, असं म्हणायची सोयच नसे. तुमच्याही गल्लीत असा एक असेल. आमच्या वाडीकडच्या ले-आउटमध्ये, प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा.

तो शाळेची व्हॅन चालवायचा. डोक्यावर एक केस नाही, पण मिशी अशी दाट की चहा प्यायला की ती पुसायला वेगळा रुमाल लागायचा. पोरं त्याला काका म्हणायची आणि त्याच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू. मला तो माणूस आवडत नसे. आज तो इथे नाही म्हणून मी गोड बोलणार नाही. उद्धट होता, भांडकुदळ होता. मी घरी ब्लाउज शिवते. माझं शिलाई मशीन आमच्या सामाईक भिंतीशी आणि त्याची दुपारची झोप भिंतीच्या पलीकडे. सकाळची फेरी करून आला की तो आडवा व्हायचा. मी मोटर चालू केली की तिकडून भिंतीवर चप्पल आपटायची. मग मी मुद्दाम जाड कापड घ्यायची.

तो स्वतः मात्र असा घोरायचा की मापं द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, शेजारी फर्निचरचं काम चालू आहे का. मी म्हणायची, हो, बरीच वर्षं झाली, पलंग काही तयार होत नाही.

पण गाडी वेळेवर आणायचा. उन्हाळा, थंडी, पाऊस, कधी चुकला नाही. त्या एका गुणापायी गल्लीतल्या सगळ्या आया त्याचं बोलणं ऐकून घ्यायच्या. माझी मुलगीही त्याच्याच व्हॅनमध्ये जायची.

एकदा ती शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, आज माझी पाळी होती. कसली पाळी, मी विचारलं. तर काकांना उठवायची. अमरावती रोडच्या सिग्नलला काका झोपतात, मग सिग्नल हिरवा झाला की पुढच्या सीटवर बसलेल्यानं त्यांचा खांदा हलवायचा. पोरांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या होत्या. ज्याची पाळी त्याला पुढे बसायला मिळतं, म्हणून भांडणंही होत होती. ती हे सगळं खूप मजेनं सांगत होती. त्या रोडवर गोदामांचे ट्रक कसे अंगावर येतात ते आम्ही रोज बघतो.

मी तशीच त्याच्या दारात गेले. त्यानं पंजा वर केला. मी म्हटलं, पंजा खाली घ्या, आज ऐकावंच लागेल. तो म्हणाला, सिग्नलवर गाडी उभी असते, उभ्या गाडीत डोळा लागला तर कोणाचं काय जाते? "गाडी कोण चालवून राहिलं, तुम्ही का मी? मले नका सांगू." मी त्याला काही सांगितलं नाही. मी प्रत्येक आईच्या दारात जाऊन सांगितलं आणि मग शाळेत जाऊन सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला बोलावून बजावलं की डॉक्टर ठीक आहे म्हणेपर्यंत आमचं एकही मूल तुमच्या गाडीत बसणार नाही. त्या दिवसापासून तो मला बघून थुंकायचा. आमच्या बाजूला नाही, स्वतःच्या अंगणात, पण मला बघूनच.

पुढचं सगळं मला काकूंकडून कळत गेलं. ब्लाउजाचं माप द्यायला त्या गरजेपेक्षा जास्त वेळा यायच्या. डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात झोपवून तपासलं होतं. झोपेत याचा घसा मिटतो, श्वास थांबतो, जीव गुदमरला की अर्धवट जाग येते, पुन्हा झोप, पुन्हा तेच. रात्रभर बिछान्यात असून हा माणूस झोपतच नव्हता. म्हणून दिवसा पेंगायचा, आणि काकूंचं म्हणणं की म्हणूनच चिडायचा. मी म्हटलं, काकू, चिडायचं कारण दुसरं शोधा. तर त्यावर इलाज म्हणजे मशीन. सीपॅप त्याचं नाव. नाकातोंडावर मास्क बांधायचा, त्याला नळी, आणि मशीन हवा दाबून आत सोडतं, म्हणजे घसा उघडा राहतो. रोज ठरलेल्या वेळी झोपायचं, ठरलेल्या वेळी उठायचं, आणि दुपारी डुलकी काढायची तरी मास्क लावूनच.

त्यानं त्या मशीनशीही भांडण काढलं. पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा म्हणे त्यानं तो ओढून थेट कपाटावर फेकला. मग हुशारी केली. मशीन चालू करायचं, मास्क उशीवर ठेवायचा आणि आपण कूस बदलून घोरायचं. मशीन आपलं उशीला हवा देत बसायचं. पण ते मशीन सगळी चुगली डॉक्टरकडे करतं हे त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, उशीची तब्येत कशी आहे? घरी येऊन त्यानं काकूंशी अबोला धरला, कारण एवढं घरातलं माणूसच सांगू शकतं असा त्याचा समज झाला.

मग मे महिना लागला. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय कोण झोपतं? त्यानं कूलर खिडकीत लावला आणि मशीन बरोबर कूलरच्या तोंडाशी ठेवलं, गार हवा नाकात जाईल म्हणून. मशीनमध्ये स्वतःची पाण्याची टाकी असते, हवा ओलसर करायला. ती त्यानं काठोकाठ भरली. कूलरची ओली हवा, त्यात हे पाणी. पहाटे नळीत पाणी साचलं आणि गुडगुड करत याच्या नाकात गेलं. तो ओरडत अंगणात आला, मास्क गळ्यात आणि नळी लोंबकळलेली. दूध घ्यायला निघालेली सगळी गल्ली बघत राहिली. डॉक्टर आपल्याला पाण्यात बुडवून मारून राहिला, असं त्यानं जाहीर केलं. मी गच्चीवरून बघत होते आणि मनापासून हसले. त्यानं वर पाहिलं. मी हसू थांबवलं नाही.

टाकी कमी भरायची आणि मशीन कूलरपासून दूर ठेवायचं, एवढं कळल्यावर ते दुखणं मिटलं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. मास्क गालाला घट्ट बसायला हवा, आणि याच्या मिशीतून हवा फुस्स करून डोळ्यांत जायची. मशीन घेऊन येणाऱ्या माणसानं दुसरा मास्क दाखवला, नुसता नाकापुरता, पण हा तोंड उघडं टाकून झोपणारा, तो चालेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, मिशी काढा.

तिथे तो अडला. त्याचा बाप जिवंत होता, रामटेकजवळच्या गावात धानाची शेती बघत. बाप असताना मिशी काढायची नाही, ही आपल्याकडची रीत. एरवी सगळ्या जगाला पंजा दाखवणारा हा माणूस बापाच्या नावाची मिशी काढायला मात्र तयार होईना. काकू माझ्याकडे बसून रडल्या. शाळा उघडायची वेळ जवळ आली होती. मशीन नीट चाललं नाही तर डॉक्टर हो म्हणणार नाहीत, डॉक्टर हो म्हणणार नाहीत तर पोरं बसणार नाहीत, आणि गाडीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला त्याच्या वडिलांना त्यानं गावाहून आणलं. त्यांना धरून व्हॅनमध्ये बसवताना, दवाखान्यात नेताना आम्ही पाहिलं. आणि त्यानंतर एका सकाळी तो अंगणात आला तो मिशी नसलेला.

आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं? म्हातारा दवाखान्यात गेलेला, मुलाची मिशी उतरलेली, डोकं काय त्याचं आधीपासूनच चकचकीत. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. समोरचे पेन्शनर तर टॉवेल खांद्यावर टाकून, घाटावर कधी निघायचं ते विचारायला फाटकाशी जाऊन उभे राहिले. मीही मनात म्हटलं, भांडण भांडणाच्या जागी. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं अन्न न्यायचं असतं. मी पिठलं-भात केला, भांड्यावर ताट झाकलं, पदर डोक्यावर घेतला आणि तोंड पाडून आत गेले.

म्हातारा पलंगावर बसून चहा पीत होता. एका डोळ्याला पट्टी. मोतीबिंदू काढला होता.

"काय आणलं वं बाई?" त्यांनी विचारलं.

काकूंच्या लक्षात आधी आलं, त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. तो आतून आला. ओठावरची जागा पांढरीफटक, गालांवर मास्कचे वळ. त्यानं भांडं बघितलं, माझा पदर बघितला आणि त्याचा आवाज चढला. "पोरं पळवली माही, आता बापालेही मारून टाकलं का तुम्ही?"

म्हाताऱ्यानं त्याला गप्प बसवलं आणि काय झालं ते काकूंकडून ऐकून घेतलं. मग पट्टीवर हात दाबून हसला. "आणलंच हाये तं वाढ," म्हणाला, आणि आपल्याच सुतकाचं पिठलं दोनदा मागून घेतलं. खाता खाता मला म्हणाला, "मीनंच सांगतलं त्याले, काढ म्हणून. माह्यासाठी मिशी ठेवून राहिला होता. झोपेत हाच गेला असता, तं मी ती मिशी कोणाच्या तोंडावर पाहिली असती?"

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला त्याची दया आली असं नाही, पण त्याच्या जागी मी असते तर मला बापासमोर असं मिशीशिवाय उभं राहणं जमलं असतं का, हे मी मनातल्या मनात विचारलं. घरी येऊन मी शिलाई मशीन दुसऱ्या भिंतीशी सरकवलं.

मिशी गेली आणि मास्क बसला. शाळा उघडेपर्यंत डॉक्टरांनी हो म्हटलं. संध्याकाळी लवकर जेवायचा, ठरलेल्या वेळी दार लावायचा, आणि दुपारी मास्क लावून झोपायचा तेव्हा भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगासुद्धा आमच्या गल्लीत बंद व्हायचा, कारण हा एकदा त्याच्या अंगावर धावून गेला होता. भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं. स्वभाव तोच राहिला. काकूंचं म्हणणं खोटं ठरलं. आया एकेक करून परतल्या. मी नाही परतले. मी मुलीला स्कूटीवर सोडत होते.

पावसाळ्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळला. रात्रभर लाइट नाही, आणि त्याचा इन्व्हर्टर जुना, पंखासुद्धा धड ओढायचा नाही. सकाळी मी फाटकात उभी होते. तो पायी निघाला होता. डोळे लाल. एकेका दारावर थाप मारून सांगत होता, "रात्री लाइट नव्हती. मशीन चाललं नाही. आज गाडी काढत नाही." एका आईची ऑफिसला जायची घाई होती, ती त्याला नको ते बोलली. त्याचा पंजा वर गेला नाही. सगळं ऐकून तो पुढच्या दारावर गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन व्हॅनजवळ गेले. तो काचेतून समोर बघत म्हणाला, "बसवा. बाटली गळत असन तं मांडीवर धराले सांगा. माही सीट ओली नाही झाली पाहिजे." आमचा समेट झाला तो एवढाच.

ट्रान्सफॉर्मर दुरुस्त झाला, पुन्हा बिघडला. तो त्या त्या सकाळी दारोदार जाऊन तेच सांगत राहिला. आयांचा मोबाइलवर ग्रुप होता. तिथे सुरुवातीला हसण्यावारी गेलं, मग कुरबुर, मग राग. एकीनं लिहिलं, व्हॅनवाल्याचे नखरे फार झाले. दुसरीनं लिहिलं, मशीनच्या आधीचेच काका बरे होते, निदान रोज यायचे. हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झोपेत गाडी चालवत होता तेव्हा रोज यायचा, असं मी लिहिलं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पोरांसाठी दुसरी व्हॅन ठरलेली होती. बाकी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. माझ्या एकटीच्या मुलीसाठी तो गाडी कशी काढणार?

त्यानं व्हॅन विकली. बायकोला घेऊन गावाला निघाला त्या दिवशी टेम्पोत सामान भरलं, पण मशीनची पिशवी त्यानं सामानात ठेवू दिली नाही, स्वतः मांडीवर घेऊन पुढे बसला. गावात लाइट कशी असते, मी विचारलं. इथल्यापेक्षा बरी, म्हणाला. मग माझ्या खिडकीकडे हनुवटी करून म्हणाला, "आता शिवा दुपारभर." काकू रडत होत्या. तो रागानं समोर बघत होता.

नवा व्हॅनवाला तरुण आहे, हसतमुख आहे, सगळ्या आयांना मॅडम म्हणतो. पहिल्या सकाळी तो बरोबर वेळेवर आला. मुलीला आत बसवलं तेव्हा तो आरशात बघून डोळे चोळत होता. मी विचारलं, रात्री झोप झाली का. तो हसला. "लग्नाची ट्रिप होती मॅडम, पहाटेच आलो. झोपेचं काय, टायमावर आलो ना?"

बाकीच्या आया मुलांना टाटा करत होत्या. मी मुलीचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि स्कूटीची किल्ली आणायला घरात गेले.