घरमालकांचा समुद्र

समुद्राला वेळेवर यायची शिस्त कुणी लावली असेल, तर ती सारसोळ्याच्या आमच्या घरमालकांनी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. चंद्रबिंद्र ठीक आहे शाळेच्या पुस्तकात. नव्वद सालानंतर नेरूळभर इमारती उठल्या, खाडीत मासे मारणारे आमचे घरमालक चार खोल्यांचे मालक झाले, पण त्यांच्या मनगटावर घड्याळ काही चढलं नाही. जावयानं दिलेलं घड्याळ खिळ्याला टांगलेलं असायचं, तेही पाहुण्यांसाठी. वेळ विचारली की ते आधी तिथी आठवायचे, मग बोटांची पेरं मोजायचे. "तिथीची पाऊनपट कर. आज अष्टमी, म्हंजे सहाला पानी भरंल." मी विचारलेलं असायचं, दूधवाला किती वाजता येतो! शुभकार्याला निघायचं ते भरती लागल्यावर आणि भांडण काढायचं ते ओहोटीला, म्हणजे आपसूक ओसरतं, असा त्यांचा कायदा. एकदा माझी बायको रागावून पिशवी भरून माहेरी निघाली, तर यांनी तिला अंगणातच अडवलं. "घटकाभर थांब गो, पानी फिरू दे." तासाभरानं ती आत चहा ठेवत होती.

एका मार्गशीर्षात माझे वडील साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून डोळे दाखवायला आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही. दुष्काळी माळावर जन्म काढलेल्या या माणसानं आयुष्यात एकच हौस बोलून दाखवली होती, समुद्र बघायची. परवा त्यांची गावाची गाडी. म्हणजे बघायचा तर उद्याच. आणि नेमकी त्यावरून आमच्या घरात जुंपली. बायको म्हणे जुहू. "भेळ खातील, चार माणसांत जीव रमेल. त्या ओसाड किनाऱ्यावर काय खेकडे मोजायचे?" मी म्हणे उरणपलीकडचा निवांत किनारा. समुद्र बघायचा आहे की फुगेवाले? आमचे आवाज चढले तसे घरमालक आले, हात वर करून आम्हां दोघांना गप्प केलं आणि वडिलांसमोर उकिडवे बसले.

"आबा, तुमाला दिसतं किती?"

वडील हळूच म्हणाले, "उजेड कळतो. बाकी समदं धुकं. पोराला सांगू नगा."

पोरगा दोन हातांवर उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बघायचं यावर आम्ही तावातावानं भांडत होतो, आणि ही साधी गोष्ट त्यांना विचारायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"मंग जुहू नको," घरमालक म्हणाले. "तिथं मानसांचाच कलकलाट. आबांना दर्या आयकू आला पायजे. उद्या पंचमी, पावनेचारला भरंल. मी येतो संगती."

दुसऱ्या दिवशी एसटीनं उरण, तिथून रिक्षा, आणि पुढं पायी. घरमालकांच्या डोक्यावर घरची लाकडी खुर्ची. अकराच्या सुमारास पोचलो, तर समुद्र जागेवरच नाही! नुसती ओली वाळू आणि पाण्याची पार लांब एक रेघ. बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती इथं लिहिण्यासारखी नाही. "नाना, वेळ चुकली की हो," मी घरमालकांना म्हणालो, "आबांना एवढं चालवायचं कसं?" घरमालकांनी मला उत्तराच्या लायकीचंसुद्धा समजलं नाही. ते वाळूत पुढं गेले, वाकून एक मूठ दाबून बघितली, दोन पावलं मागं आले आणि तिथं खुर्ची रोवली. वडिलांच्या वहाणा काढून त्यांना बसवलं, माझ्या हातात छत्री दिली. "तुमी बसा आबा. चालायचं कशाला? तो येल. दीडला पायाला लागंल."

आधी काहीच ऐकू येईना. मग सुपात धान्य पाखडावं तशी लांबून सळसळ यायला लागली. वडिलांनी मान वळवली. "जवळ यायलंय," ते म्हणाले. दर लाट हातभर पुढं सरकत होती आणि ते कान देऊन बसले होते. एक पंचवीसला एक लाट खुर्चीपासून वितीवर येऊन फुटली नि माघारी गेली. घरमालक पाठ करून बिडी ओढत होते, ढुंकूनही बघत नव्हते. माझ्या घड्याळात दीड वाजले आणि फेसाळ पाणी वडिलांच्या दोन्ही पावलांवरून गेलं. आईशप्पथ सांगतो, ना एक मिनिट इकडं, ना तिकडं.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली. वाकून दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि डोळ्यांना लावले. "आलास व्हय बाबा?" ते म्हणाले. "लई लांबनं आलास." बायकोला रडू फुटलं, मलाही आवरेना. घरमालकांनी तेवढी बिडी विझवली. "उचला खुर्ची," ते म्हणाले, "तो आता थांबायचा नाय."

पुढच्या उन्हाळ्याआधी वडिलांची नजर पुरती गेली. पण ते पुष्कळ वर्षं जगले, आणि रोज देवळापुढं बसून ही गोष्ट सांगत राहिले. समुद्र बघायला गेलो होतो, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत. म्हणायचे, "मला भेटाया आला हुता." माणसं हसायची. मग ते त्या हसण्याच्या दिशेला तोंड करून शांतपणे म्हणायचे, "हसू नगा. खुर्ची मागं घ्यावी लागली मला."