फिल्टरने गाळलेल्या बायका

मित्रहो, आज मला माझ्या वर्गमैत्रिणीचा, वैशालीचा, मनापासून हेवा वाटतो आहे.

उधन्यातल्या आमच्या खान्देशी मंडळासाठी आम्ही दोघांनी कानबाई देवीची गाणी ध्वनिमुद्रित केली. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून उशिरा आणि क्षीण होऊन परततो. माझा संगणकावरचा फिल्टर तोच उशिराचा आवाज ओळखून वजा करतो. वैशालीने घुमणारेच ध्वनिमुद्रण दिले.

आज दोन्ही ऐकून मुख्य गायिका सुमनमावशी म्हणाल्या, "भाऊ, मी एकलीच शे का? बाकीन्या बाया कथा गयात?"

माझ्या मुद्रणात बाकीच्या बायका कुठेच नव्हत्या. मागच्या बायका तीच ओळ उशिरा, हळू आवाजात म्हणतात. फिल्टरने त्यांनाही प्रतिध्वनी मानले होते.

"तुझं स्वच्छ आहे हं," वैशाली म्हणाली. मंडळाने तिचे निवडले.

मागच्या बायकांत माझी आई होती. तिनेही वैशालीचेच मुद्रण मोबाइलवर मागून घेतले. माझ्या जागी तुम्ही असता, तर घरी काय बोलला असता?