सपकाळे मॅडम आणि भास्करचा रिपोर्ट

सपकाळे मॅडमना मी स्टाफरूममध्ये कधी निवांत बसलेलं पाहिलं नाही. जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. चहासुद्धा त्या खिडकी ते दार फेऱ्या मारत प्यायच्या. "बसा हो जरा," म्हटलं की म्हणायच्या, "बसले की भास्कर दिसतो."

भास्कर त्यांचा धाकटा भाऊ, साक्रीला आईजवळ असायचा. विशीतच त्याच्या पापण्या खाली उतरू लागल्या. चार पावलं चालला की पायांतलं बळ संपायचं. जेवण व्यवस्थित, तरी ही गत. गावानं त्याला कामचुकार ठरवून टाकलं. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी लग्न लावून द्यायला सांगितलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एके दिवशी मॅडम वर्ग अर्ध्यावर सोडून माझ्या प्रयोगशाळेत आल्या. बोटांत खडू तसाच होता. "पाटील मॅडम, आत्ता मायटोकॉन्ड्रिया शिकवत होते. खाल्लेल्या अन्नाची शक्ती पेशीतल्या या कणांत तयार होते. हे कणच बिघडले असले तर? पोट भरेल, पण अंगात बळ कुठून येणार?"

त्यानंतर त्यांच्या सगळ्या सुट्ट्या भास्करला घेऊन एसटीत गेल्या. शेवटी मुंबईत त्याच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. शंका खरी निघाली. औषध मात्र नव्हतं.

"आजाराला नाव तरी मिळालं," मी म्हणाले.

मॅडम चालता चालता थांबल्या. "हो, पण इतकी वर्षं मीही त्याला 'ऊठ, आळशी' म्हणत आले हो."

दोन वर्षांनी भास्करचं हृदय बंद पडलं. मी साक्रीला गेले. अंगणात माणसं बसली होती. मॅडमच्या आईनं पेटीतून रिपोर्ट काढून सगळ्यांना वाचून दाखवायला लेकीच्या हातात दिला.

"मन्हा पोऱ्या आळशी नव्हता. हाई बठ्ठास्ले वाची दखाड."

मॅडम उभ्यानंच इंग्रजी रिपोर्ट अहिराणीत सांगू लागल्या. माणसांच्या माना खाली गेल्या. मी शेजारीच उभी होते, माझी नजर कागदावर होती. 'हा दोष आईकडून आलेला असू शकतो' अशा अर्थाचं शेवटचं वाक्य मला दिसलं. मॅडमनी त्या वाक्याच्या आधीच थांबून कागदाची घडी घातली.

"बठ्ठं वाचं का, सुमन?" आईनं विचारलं.

"हा माय, बठ्ठं वाचं," मॅडम म्हणाल्या आणि आईला टेकून खाली बसल्या.