दाराकडची कूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... मायच्या डाव्या खुब्यावरची जखम वयानं झाली नव्हती. ती मी होऊ दिली. तिला जाऊन महिना होत आला, तरी क्लास सुटला की तिच्या खोलीपर्यंत जातो आणि उंबऱ्यावरून माघारी फिरतो.

भूकंपाच्या पहाटे औशातल्या आमच्या घराचं दार अडकून बसलं होतं. शेजाऱ्यांनी ते फोडून मायला बाहेर काढलं. पुढं लातूरला पक्क्या घरात आलो, तरी ती दाराकडं तोंड करूनच झोपायची. मी जीवशास्त्राचे क्लास काढले, पुढच्या हॉलमध्ये बॅचमागून बॅच बसू लागली. लकवा मारून माय अंथरुणाला खिळली, तेव्हा म्हणायची, "एवढ्या पोरांना डाक्टर करायलास, अन् मला उठून बसवता येईना व्हय रे तुला?"

खुब्यावरचा लाल डाग आधी दिसला सुनंदाला, माझ्या बायकोला. "अहो, बोटानं दाबलं तरी लालच राहतंय. त्यांची कूस बदलत राहायला पाहिजे." ती बदलायला गेली की माय मोठ्यानं ओरडायची, "भिताडाकडं नको गं, दार दिसू दे." पलीकडं बॅच चालू असायची, पोरं माना वळवायची. मला लाज वाटायची. मी आत येऊन म्हणायचो, "राहू दे तिला तशीच." सतत दाब पडला की तिथं रक्त पोचत नाही, हाड आणि गादीच्या मधलं मांस आधी आतून मरतं, कातडी मागाहून फाटते... हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? डाग काळा पडला, उघडला, हाडापर्यंत गेला. शेवटी ताप उतरलाच नाही.

दिवसांना नांदेडहून आलेली आक्का, माझी थोरली बहीण, चारचौघींत म्हणाली, "सून घरात असून माय अशी सडली." सुनंदा ताटं वाढत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या उचलून अंगणात गेलो.

परवा मात्र आत जाऊन मायच्या खाटेवर तिच्यासारखाच दाराकडं तोंड करून, डाव्या कुशीवर आडवा झालो. चैन पडेना, म्हणून उशी उचलून पायथ्याला टाकली, डोकं तिकडं केलं आणि उजव्या कुशीवर वळलो... समोर दार. एवढंच करायचं होतं.

त्या खाटेवरची चादर सुनंदा अजून रोज बदलते. आक्काच्या समोर बसून, सुनंदाच्या देखत, "ती सांगत होती, मीच अडवलं," हे मला अजून म्हणायचं आहे.