अंगावरचं दूध

कारेगावात मोनालीला नावानं हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांची ती आशाताई, गावची आशा आरोग्यसेविका. रांजणगावच्या कंपन्यांत राबायला आलेल्या बिहारच्या, ओडिशाच्या, लातूर-नांदेडच्या लोकांच्या खोल्यांमधून ती दिवसभर फिरायची. कुणाला दिवस गेलेत, कुणाची तारीख जवळ आलीय, कुणाच्या बाळाचा डोस चुकलाय, सगळं तिच्या डोक्यात असायचं. बाळंतिणीजवळ बसून सांगायची, "सहा महिने वरचं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सिर्फ माँ का दूध." आणि मग कुणीतरी हमखास विचारायचं, "आपके कितने बच्चे हैं, दीदी?"

मोनालीला मूल नव्हतं. लग्नानंतर तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा टिकलं नाही. शेवटचं तर पाचवा महिना उलटल्यावर गेलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिच्या छातीला दूध आलं. पाजायला कुणी नाही आणि पान्हा मात्र फुटलेला. सासूनं, ताईबाईनं, घट्ट फडकं बांधून ते जिरवलं. त्या दुखण्याबद्दल मोनाली कधी कुणाशी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

दत्तकाचा विषय तिच्या नवऱ्यानंच काढला. सम्राट कंपनीत मशीनवर होता. बोलायला कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. नाव नोंदवलं, घराची पाहणी झाली, आणि मग नुसती वाट बघणं. वर्षं गेली. एके दिवशी पुण्याच्या संस्थेतून सारिका मॅडमचा फोन आला. मुलगी आहे, दोन महिने उलटलेत, सगळे सोपस्कार व्हायला अजून महिना-सव्वा महिना लागेल.

मोनालीनं त्याच आठवड्यात शिरूर गाठलं. बाळंत न झालेल्या बाईलाही दूध आणता येतं, असं तिनं दौंडच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. बालरोगतज्ज्ञ प्रतिभा मॅडमकडे तिनं आजवर कितीतरी बाळं नेली होती, त्यामुळे ओळख होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या, गोळ्या हृदयाला सोसतील ना हे बघायला कार्डिओग्राम काढायला लावला, गोळ्या लिहून दिल्या, पंप कसा आणि किती वेळा लावायचा ते दाखवलं.

"दूध येईल किंवा येणार नाही," त्या म्हणाल्या. "आलं तरी पोटभर येईल असं धरून चालू नकोस. मला विचारल्याशिवाय वरचं दूध कमी करायचं नाही. कळलं?"

"कळलं," मोनाली म्हणाली.

ताईबाईला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात काय लपणार? एका सकाळी म्हातारीनं दुपट्याखाली झाकलेला पंप उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"ह्ये काय गं?"

मोनालीनं मान खाली घालून सांगितलं.

ताईबाई पंपाकडे बघत म्हणाली, "पोरगी येतीया त्याचा मला आनंदच हाय. बाटलीनं पाजू, मांडीवर वाढवू. पर ह्ये कशापायी? मागल्या बारीला तुझी छाती म्या बांधली हुती. कळ सोसंना तवा तू पदर दातात धरून बसली हुतीस. पुन्यांदा त्येच बघू का म्या?"

"आत्या, तवा बाळ नव्हतं. आता येणार हाय."

"आन् दूध न्हाईच आलं तर?"

इतके दिवस पंप लावून मोनालीची छाती सोलवटून निघाली होती आणि बाटलीत थेंब नव्हता. ताईबाईनं पंप जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र मोनालीच्या ताटाशेजारी अळिवाच्या खिरीची वाटी आली. आपल्या माहेरी, राहू गावाला निरोप धाडून म्हातारीनंच अळीव मागवले होते.

मग एका दुपारी पंपाच्या तोंडाशी पिवळसर थेंब जमला. मोनाली त्याच्याकडे बघतच राहिली. थेंबाचे थेंब झाले, बाटलीचा तळ झाकला जाऊ लागला, आणि त्याच सुमारास मुलगी घरी आली. नाव ठेवलं मैत्री. बुद्धवंदना झाली, शेजारपाजारच्यांना खीर वाटली. दत्तकाचा कायमचा हुकूम अजून जिल्हाधिकाऱ्यांकडून यायचा होता. तोवर मैत्री त्यांच्याकडे फक्त सांभाळायला होती, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

मैत्रीला बाटलीची सवय. मोनालीनं छातीशी घेतलं की ती पाठीची कमान करायची, तोंड फिरवायची, लालबुंद होऊन किंचाळायची. बाटली दिसली की शांत. इतक्या बायांना शिकवलेलं सगळं मोनालीनं करून पाहिलं. अंगाशी उघडी घेतली, आडवी धरली, उभी धरली. पोरगी जुमानत नव्हती. शेजारच्या रतनबाई एकदा दारातून बघून म्हणाल्या, "वासावरनं कळतं गं लेकराला, आपली कोण ते." वाईट मनानं म्हणाल्या नसतीलही, पण ते शब्द मोनालीच्या काळजात रुतून बसले.

आणि एकदा अर्धवट झोपेत मैत्रीनं तोंड लावलं. ओढलं. गिळल्याचा बारीकसा आवाज आला. मोनालीनं श्वाससुद्धा जपून घेतला.

इथून पुढं ती चुकत गेली. बाटली आहे तोवर ही पोरगी आपल्याला पुरती धरणार नाही, असं तिनं मनाशी घेतलं. भूक लागली की जोरात ओढेल, ओढलं की दूध वाढेल. बाळंतिणींना ती हेच सांगत आली होती. आपण बाळंतीण नाही, एवढीच गोष्ट तिनं बाजूला सारली. आधी एक बाटली कमी केली, मग दुसरी. डॉक्टरांना विचारलं नाही, सम्राटला सांगितलं नाही.

मैत्रीचं रडणं कमी झालं. तास न् तास झोपू लागली. सम्राट म्हणाला, "गुणी झाली की आपली पोर." मोनालीला ते ऐकून बरं वाटलं.

ताईबाईला मात्र स्वस्थता नव्हती. एका दुपारी दोरीवरचे कपडे काढता काढता ती म्हणाली, "सकाळपासनं येकच लंगोट हाय गं हिला. त्योबी कोरडा."

"ऊन हाय आत्या. घाम जातोय."

"लेकरू लई निजतंय."

"मला शिकवू नका," मोनाली फटकन बोलली. "माझं रोजचं काम हाय ते."

म्हातारी कपडे घेऊन आत गेली. सासूपुढे मोनालीचा आवाज असा कधी चढला नव्हता.

दोन दिवसांनी सारिका मॅडमचा फोन आला. "परवा भेटीला येतेय. बाळाचं वजन तेवढं करून ठेवा."

फोन ठेवल्यावर मोनालीच्या लक्षात आलं की गावातली सगळी बाळं तिनं काट्यावर घातली, पण स्वतःच्या मुलीला घालायचं इतके दिवस ती टाळत होती. काही ना काही निमित्त निघत होतं. ती मैत्रीला घेऊन अंगणवाडीत गेली. काटा बघितला, बाळ उचललं, काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. आकडा तोच. मैत्री पहिल्यांदा घरी आली तेव्हा वजन होतं त्यापेक्षाही कमी.

मग तिनं मैत्रीकडे दुसऱ्या कुणाचं बाळ असल्यासारखं पाहिलं. टाळू आत गेलेली. ओठ सुकलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसत होती. असं बाळ कुणाच्या खोलीत दिसलं असतं तर त्या आईला तिनं उभ्या उभ्या दवाखान्यात नेलं असतं.

सम्राट कामावर होता, फोन लागेना. ताईबाई अनवाणीच रिक्षात चढली. नगर रोडला ट्रकांची रांग लागली होती, रिक्षा पुढं सरकत नव्हती. म्हातारीनं बाळ आपल्याकडे घेतलं.

"बोल तिच्यासंगं," ती म्हणाली. "गप नगं बसू. आवाज कळतो तिला तुझा."

मोनाली बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. ताईबाई वाटभर बाळाचे तळवे चोळत होती. आपण सांगितलं होतं, असं ती एका शब्दानं म्हणाली नाही.

शिरूरला पोचल्याबरोबर बाळाला आत नेलं. इवल्या हाताला सुई सापडायला वेळ लागला. मैत्री नीट रडलीसुद्धा नाही, आणि तेच मोनालीला सहन होईना. सलाईन सुरू झाल्यावर प्रतिभा मॅडम बाहेर आल्या.

"वरचं दूध किती कमी केलंस?"

मोनालीनं सांगितलं.

"कुणाला विचारून?"

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं, असं मोनालीला वाटलं. त्या वळून पुन्हा आत गेल्या.

संध्याकाळकडे आतून रडं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, भुकेचं रडं. नर्सनं वाटी-चमच्यानं दूध पाजायला घेतलं. ताईबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. सम्राट तसाच, कंपनीच्या कपड्यांत आला होता. सगळं ऐकून तो बाकावर बसला.

"सारिका मॅडमची भेट पुढं ढकलू," तो म्हणाला. "चार दिवसांत वजन भरून निघंल. कुणाला कळायचं कारण न्हाई."

"मी आता फोन करते त्यांना."

"मोनाली, नेतील ते तिला."

"लपवूनच तर इथवर आणलं मी तिला," ती म्हणाली आणि फोन लावला.

सारिका मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. आधी बाळाला पाहिलं, डॉक्टरांशी बोलल्या, मग मोनालीसमोर बसल्या.

"तुम्ही आशा आहात ना?"

"हो."

"तुम्हाला हे कळत नव्हतं, असं मी लिहू शकत नाही."

"कळत होतं, मॅडम. मला वाटलं, बाटली सुटली की ती माझी होईल."

सारिका मॅडमनी तिचं बोलणं लिहून घेतलं. "हे बालकल्याण समितीपुढे ठेवावं लागेल मला. बाळ तुमच्याकडे राहील की नाही, हे माझ्या एकटीच्या हातात नाही."

ताईबाई पुढं झाली. "मॅडम, मलाबी दिसत हुतं. सून चिडली म्हनून म्या गप बसले. तेबी ल्हिवा."

त्यांचं बोलणं चालू असतानाच प्रतिभा मॅडम केसासारखी बारीक, मऊ नळी घेऊन आल्या. तिचं एक टोक पावडरच्या दुधाच्या वाटीत सोडलं, दुसरं चिकटपट्टीनं मोनालीच्या स्तनाग्राशी लावलं. "आता घे तिला. पोट वरच्या दुधानं भरेल. तुझं जे काय येईल ते बरोबर जाईल. हे आधीच विचारायला आली असतीस तर तेव्हाच दिलं असतं."

मोनालीला घ्यायची भीती वाटत होती. सम्राटनं बाळ तिच्या हातात दिलं. मैत्रीनं तोंड फिरवलं, कुरकुरली, मग तोंड लावलं. पहिल्या ओढीला नळीतून दूध चढलं, आणि मिळतंय म्हटल्यावर पोरगी अधाशासारखी ओढू लागली. वाटीतलं दूध खाली खाली जात होतं. सारिका मॅडम उभ्या राहून बघत होत्या. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी पर्स उचलली आणि निरोप घेऊन निघून गेल्या. काय ठरेल त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. फोन वाजला की तिघं एकमेकांकडे बघायची. मैत्रीला दर आठवड्याला शिरूरला नेऊन वजन करायचं आणि ते संस्थेला कळवायचं, असं ठरलं होतं. काट्यावर ठेवताना मोनाली आता डोळे मिटायची, आकडा ताईबाई वाचायची. पुण्याला बोलावणं आलं, तेव्हा समितीच्या बाईंनी तेच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारले. मोनालीनं तीनदा तेच खरं सांगितलं. परतीच्या वाटेवर सम्राटनं गाडी थांबवली, रस्त्याकडेला उभा राहून पाणी प्यायला आणि पुन्हा चालवायला बसला.

बाळ नेलं नाही. भेटी वाढवल्या, डॉक्टरांची देखरेख सक्तीची केली.

मोनालीला दूध पुरतं कधी आलंच नाही. फार तर निम्मं. उरलेलं निम्मं आधी नळीचं, पुढं बाटलीचं. त्याचं तिला पहिल्यासारखं काही वाटेनासं झालं. कामावर परतल्यावर खोल्यांमधून ती अंगावरच्या दुधाचं अजूनही सांगते, पण आता बाळाची शू किती वेळा होते हे आधी विचारते, आणि आजी काय म्हणते तेही.

कायमचा हुकूम आला त्या सकाळी ती मैत्रीला पाजत होती. सम्राट दारातून फोन घेऊनच आत आला. त्यानं नुसता फोन पुढं धरला. मोनाली वाचायला वाकली आणि एकदम कळवळली.

"काय झालं?" ताईबाई धावत आली.

"चावली."

म्हातारीनं बोट धुऊन मैत्रीच्या तोंडात घातलं आणि हिरडी चाचपली. "दात आलाय," ती म्हणाली. "आता सांभाळून पाज."